लिनक्सवर आरची पॅकेजेस बसवताना एरर वरून खाली वाचा

आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेतला 'टायडीव्हर्स' हा पॅकेजसंच पहिल्यांदा बसवायला घेतला, तेव्हा बराच वेळ पडद्यावर ओळी सरकत राहिल्या आणि शेवटी उमटलं, 'नॉन-झीरो एक्झिट स्टेटस'. मी हबकले. तीच कमांड पुन्हा दिली, पुन्हा तेच. पॅकेज बसलं नाही, एवढंच ती ओळ सांगते. का बसलं नाही, ते बरंच वर लिहिलेलं असतं.

विंडोज आणि मॅकसाठी क्रॅनवर, म्हणजे आर पॅकेजेसच्या अधिकृत साठ्यावर, बहुतेक पॅकेजेस तयार मिळतात. लिनक्सवर मात्र सोर्स कोड उतरतो आणि आपल्याच मशीनवर कंपाइल होतो, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलतो. म्हणून उबुंटू किंवा डेबियनवर आधी टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' लिहून पुढे 'आर-बेस-डेव्ह' द्यायचं (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानं चालव, ॲप्ट म्हणजे सिस्टिमची पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम). सी, सी प्लस प्लस आणि फोरट्रानचे कंपायलर त्याबरोबर येतात.

मग आर सुरू करायचं, पण सुडो न लावता. 'इन्स्टॉल डॉट पॅकेजेस' दिल्यावर ते पहिल्या वेळी विचारतं, पर्सनल लायब्ररी (पॅकेजेस ठेवायचं तुमचं स्वतःचं फोल्डर) करू का? खुशाल 'येस' म्हणा. सुडोनं चालवलंत, तर बाहेरून उतरवलेला कोड रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकारानं चालतो. हे मला अजिबात पटत नाही.

आता माझ्या त्या एररकडे. वर सरकवत गेले, तर टायडीव्हर्सला लागणाऱ्या 'कर्ल' पॅकेजपाशी लिहिलं होतं की लिबकर्ल (इंटरनेटवरून माहिती आणणारी सिस्टिमची लायब्ररी) सापडली नाही. त्याखालीच 'डेब' (डेबियन-उबुंटूसाठी) शब्दापुढे उपाय होता: लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह. मला वाटलं, लिबकर्ल तर मशीनवर आहे! होतीच. पण कंपाइल करायला लायब्ररीच्या हेडर फाइल्सही (तिच्यात काय काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या) लागतात आणि त्या '-डेव्ह' शेपटीच्या पॅकेजमध्ये असतात. फेडोरावर हीच शेपटी '-डेव्हेल' होते. हे एकदा कळलं की 'ओपनएसएसएल' आणि 'एक्सएमएल२' पॅकेजेसचं अडणंही लगेच उलगडतं. नकाशांच्या 'एसएफ'ला जीडाल, जिऑस, प्रोज आणि युडीयुनिट्स एवढ्या सगळ्या लायब्ररींच्या डेव्ह फाइल्स लागतात. त्या आधीच घालून ठेवा.

कंपाइल करायचंच नसेल, तर ॲप्टमध्ये 'आर-क्रॅन-' आणि पुढे पॅकेजचं नाव लहान अक्षरांत शोधा. आवृत्ती थोडी जुनी असू शकते, पण अवलंबून असलेलं सगळं आपोआप येतं. नवख्यांना मी आधी हेच सांगते.

मध्येच 'किल्ड' दिसलं, तर बहुधा रॅम संपलेली असते. इतर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालवा. अर्धवट राहिलेल्या कामामागे लायब्ररीत शून्य-शून्य-लॉकनं सुरू होणारं फोल्डर उरलं आणि नवी कमांड अडली, तर दुसरं इन्स्टॉलेशन चालू नाही ना एवढं बघून ते काढून टाका.

आर ४.२ वरून ४.३ वर गेलात की पॅकेजेस गायब झाल्यासारखी वाटतील. घाबरू नका, ती जुन्या जागीच आहेत. पर्सनल लायब्ररीच्या पत्त्यात आवृत्तीचा आकडा असतो, त्यामुळे नवं आर नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये बघतं. जुन्या फोल्डरमधली नावं 'डिर' फंक्शननं काढायची आणि तीच यादी 'इन्स्टॉल डॉट पॅकेजेस'ला द्यायची. सोबत 'एनसीपीयूज' हा पर्याय ४ ठेवलात, तर चार पॅकेजेस एकाच वेळी कंपाइल होतात.