उन्हाळ्यात व्हॅलेन्सियाचं जुनं गाव कसं फिरायचं, खास मुंबईकरांसाठी

जून ते सप्टेंबरमध्ये स्पेनला जाणार असाल तर पहिलं काम म्हणजे आपलं सुट्टीचं टाइमटेबल घरीच ठेवून जा. नऊला निवांत नाश्ता, अकराला बाहेर आणि मग दिवसभर तंगडतोड, असं व्हॅलेन्सियात केलंत तर ऐन उन्हात बंद शटरं बघत फिराल. तिथला दिवस दोन शिफ्टमध्ये करायचा, सकाळी आठ ते दीड आणि मग थेट सहानंतर. कारण असं की हे शहर नकाशावर साधारण लंडनच्या सरळ खाली येतं पण घड्याळ लावतात जर्मनीचं, वर उन्हाळ्यात एक तास पुढे, म्हणून सूर्य डोक्यावर येतो दुपारी दोनला आणि खरा उकाडा चार-पाचला. जूनअखेर सूर्यास्तच साडेनऊला होतो, त्यामुळे संध्याकाळ भरपूर मिळते. समुद्रकाठचं शहर आहे, घाम येणारच, तो आपल्याला काय नवीन नाही.

एअरपोर्टवरून मेट्रो लाइन ३ किंवा ५ पकडायची, शातिवाला उतरायचं, पुढे सगळं चालत.

सकाळी सगळ्यात आधी मर्कादो सेंत्राल. १९२८ साली सुरू झालेलं हे मार्केट लोखंड, काच आणि रंगीत टाइल्सचं आहे, घुमटाखाली उभं राहून जरा वर बघा, आणि बाहेर आलात की छपरावरचा पोपट शोधा, तो वारा दाखवणारा पोपट आहे. दुपारी तीनपर्यंत बंद होतं आणि रविवारी उघडतच नाही, त्यामुळे रविवार धरून प्लॅन करू नका. इथे एक सवय मात्र सोडावी लागते, दादरला आपण टोमॅटो दाबून, वांगं उलटंपालटं करून घेतो ना, तसं इथे हात लावायचा नाही, बोट दाखवायचं, विक्रेता काढून देतो. आणि गाळ्यासमोर रांग दिसत नाही म्हणून पुढे घुसू नका! ट्रॉली घेतलेल्या आज्या इकडेतिकडे उभ्या असतात पण प्रत्येकीला आपला नंबर पक्का माहीत असतो. जाऊन फक्त विचारायचं, "कियेन एस एल उल्तिमो?" म्हणजे शेवटचं कोण, कोणीतरी हात वर करतं, त्यांच्यानंतर तुम्ही. मला ही पद्धत मनापासून आवडते. केशर घ्यायचं तर काड्यांचं घ्या, पूड नको.

समोरच लोंखा दे ला सेदा आहे, रेशमाच्या व्यापाऱ्यांचा जुना हॉल, १४८२ ला बांधायला घेतलेला, १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत. पीळ घातलेले दगडी खांब थेट छतापर्यंत जातात. ऊन चढायला लागलं की इथे शिरा, आत बरं वाटतं.

गुरुवार असेल तर बाराच्या आधी कॅथेड्रलच्या अपोस्टल्स दरवाज्यापाशी पोचा. शेतीच्या पाटाच्या पाण्यावरून भांडणं असली की शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच तिथे उघड्यावर बसून तोंडी निकाल देतात, ही परंपरा शेकडो वर्षांची आहे. तक्रार नसली तर काही मिनिटांत उठतात, म्हणून वेळेवर जा. कॅथेड्रलच्याच मिगेलेते या घंटेच्या टॉवरच्या २०७ पायऱ्या मात्र दुपारी चढू नका, सकाळी किंवा मग संध्याकाळी.

जेवणाचं नीट ऐका. पाएया हा तिथला भाताचा प्रकार दुपारचं जेवण आहे, आणि मूळ व्हॅलेन्सियन पाएयात चिकन आणि ससा असतो, वर शेंगा दिसतात म्हणून व्हेज समजू नका. शाकाहारी लोकांनी "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन" म्हणजे मांस, मासे, हॅम नको, असं तिन्ही सांगायचं, नुसतं कार्ने नको म्हटलं तर हॅम येऊ शकतो, आणि भात कसल्या स्टॉकमध्ये शिजवलाय तेही विचारा. तहानेला ओर्चाता प्या, चुफा नावाच्या छोट्या कंदाचं थंडगार पेय, दूध अजिबात नाही, जवळच्या आल्बोरायात हे पीक घेतात. बाटलीतलं नको, ताजंच घ्या.

दुपारी दोन ते पाच छोटी दुकानं बंद, तेव्हा झोपा. संध्याकाळी प्लाझा रेदोन्दा या गोल चौकात लेस, बटणं, शिवणसामान बघा, मग एल कार्मेन या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून तोरेस दे क्वार्त या जुन्या वेशीच्या बुरुजांपर्यंत जा, १८०८ च्या फ्रेंच हल्ल्यातले तोफगोळ्यांचे खड्डे भिंतीवर अजून तसेच आहेत. हातपंखा घ्यायचा तर लाकडी काड्यांचा, दोनतीनदा उघडझाप करून बघून.

खरेदीला जुलै बरा, सेल असतात, ऑगस्टमध्ये बरीच छोटी दुकानं सुट्टीवर जातात. पासपोर्ट जवळ ठेवा आणि बिल करतानाच टॅक्स परताव्याचा फॉर्म मागा, स्पेनमध्ये त्याला किमान खरेदीची अट नाही, फक्त युरोपियन युनियन सोडताना तिथल्या शेवटच्या एअरपोर्टवर तो व्हॅलिडेट करायचा, आणि सामान चेक-इन करायच्या आधी.