फसलेला सिनेमा मनापासून कसा बघावा

काही सिनेमे पडतात आणि विसरले जातात. काही मात्र असे पडतात की वीस-पंचवीस वर्षांनंतरही लोक मित्रमंडळी जमवून ते बघतात, त्यातले संवाद एकमेकांना ऐकवतात आणि नव्या माणसाला मुद्दाम बोलावून दाखवतात. फ्रँकफुर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या दोन संशोधकांनी २०१६ साली अशा प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे लोक सरासरीपेक्षा जास्त शिकलेले, दर्जेदार कलाकृतींतही रमणारे आणि सिनेमाची जाण असलेले असतात, असं त्यांना आढळलं. मला यात नवल वाटत नाही. सिनेमा नेमका कुठे घसरला हे टिपायचं, तर तो नीट उभा कसा राहतो हे आधी माहीत असावं लागतं.

पण हा आनंद आपोआप हाती लागत नाही. सिनेमा निवडण्यापासून बघण्यापर्यंत थोडी तयारी लागते.

आधी सिनेमा नीट निवडा

बहुतेक वाईट सिनेमे नुसते कंटाळवाणे असतात. आळसाने, कसंबसं काम उरकून काढलेले. त्यांच्या नादी लागू नका. दुसरे, मुद्दाम वाईट बनवलेले. २०१३ चा ‘शार्कनेडो’ घ्या. वादळातून शार्क मासे उडत येतात आणि आपण काय करतोय हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. अर्ध्या तासात मजा संपते, कारण आपण हसावं म्हणून कोणीतरी सतत आपल्याला कोपर मारत असतं.

आपल्याला हवा तो तिसरा प्रकार. बनवणाऱ्याने जीव ओतलाय, काहीतरी भव्य करायचंय, आणि हात तिथवर पोचलेला नाही. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९६४ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात हेच मांडलं होतं: अजाणतेपणी घडलेली अतिशयोक्ती मुद्दाम केलेल्या अतिशयोक्तीपेक्षा कितीतरी जास्त सुख देते. तेव्हा निवडताना एकच प्रश्न विचारायचा. याला खरंच चांगला सिनेमा करायचा होता का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढे जा.

रामसे बंधूंच्या भयपटांना मी या यादीत घालत नाही. ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरला मोजक्या माणसांत आणि अगदी थोड्या पैशांत चित्रित झाला आणि त्याने प्रेक्षकांना खरोखर घाबरवलं. कमी पैशांचा सिनेमा आणि फसलेला सिनेमा यांत फरक आहे, तो पाळावा.

माणसं आणि वेळ ठरवा

चार ते सहा जण पुरेत. त्यातल्या एकाने सिनेमा आधी पाहिलेला असावा, पण त्याने ‘आता बघ, आता बघ’ करायचं नाही, ही अट आधीच घाला. ज्याला प्रत्येक गोष्टीत तर्क लागतो असा एखादा मित्र जरूर बोलवा. त्याचे प्रश्न फार उपयोगी पडतात. जेवणं उरकून बसा, कारण हे सिनेमे लांबलचक असतात. फोन बाजूला ठेवा. आणि प्रत तपासून घ्या. टीव्हीसाठी कापलेल्या प्रतींत नेमके मोलाचे प्रसंग गेलेले असतात, त्यामुळे मूळ लांबीशी ताडून मगच लावा.

पहिली वीस मिनिटं गप्प बसा

ही पायरी लोक हमखास गाळतात. नावं पडद्यावर येताच शेरे सुरू होतात आणि सिनेमा मागे पडतो. सुरुवातीला त्याला खरा सिनेमा मानून बघा. कोण कोणाचं कोण, कोणाला काय हवंय, हे समजून घ्या. कथेत शिरल्याशिवाय ती कुठे वाट चुकली हे कळणार कसं?

महत्त्वाकांक्षा कुठे दिसते ते शोधा

राजकुमार कोहलींचा ‘जानी दुश्मन: एक अनोखी कहानी’ (२००२) सुरुवातीला सगळ्यात सोयीचा. सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी, मनीषा कोईराला, अर्शद वारसी, शिवाय गायक सोनू निगम, असा ताफा आहे. यातले बहुतेक जण कॉलेजचे विद्यार्थी. सनी देओल तेव्हा पंचेचाळिशीला आलेला. अरमान कोहली इच्छाधारी नाग असून तो या मित्रांना एकेक करून गाठतो. नुसतं एवढं बघितलं तरी हसू येतं.

आता थोडं मागे जा. याच राजकुमार कोहलींनी १९७६ साली ‘नागिन’ काढला होता. सुनील दत्त, फिरोज़ खान, जितेंद्र अशी मोठी नावं, मित्रांची टोळी, त्यांच्या हातून नाग मरतो आणि नागीण एकेकाचा सूड घेते. तो सिनेमा जोरात चालला. सव्वीस वर्षांनी त्यांनी तोच साचा उलटा केला, नागिणीच्या जागी नाग आणला, स्वतःच्या मुलाला ती भूमिका दिली आणि जोडीला संगणकावरची करामत घेतली. नाग रूपं बदलतो, मोटरसायकलवरून पाठलाग करतो, तेव्हा हॉलिवूडच्या ‘टर्मिनेटर २’ची सावली स्पष्ट दिसते. एका पिढीची खात्रीची कथा, दुसऱ्या पिढीचं तंत्र आणि बापाची मुलासाठीची धडपड, या तिन्ही गोष्टी एकाच चौकटीत दाटीवाटीने उभ्या आहेत. हे माहीत असलं की पडद्यावरचा प्रत्येक विचित्र प्रसंग दुपटीने रंगतो.

मनोज कुमार यांचा ‘क्लर्क’ (१९८९) असाच. ‘उपकार’ बनवणारा हा माणूस. देशप्रेम त्याच्यासाठी विकाऊ मसाला नव्हतं. ‘क्लर्क’मध्ये अशोक कुमार आजाद हिंद सेनेत लढलेले वडील आहेत. त्यांना हृदयविकाराचा झटका येतो. उपचाराला पैसे नाहीत. तेव्हा घरात ‘कदम कदम बढ़ाये जा’ची रेकॉर्ड लावली जाते आणि गाण्याच्या ठेक्यावर वडील सावरून उठतात. या प्रसंगात लगेच पुढे जाऊ नका, तो परत लावा. अशोक कुमारांच्या चेहऱ्याकडे बघा: इतका मोठा नट ही गोष्ट पूर्ण निष्ठेने करतोय, कुठेही हात राखून नाही. मनोज कुमार यांचा या गाण्यावर तसाच विश्वास होता. म्हणून तो प्रसंग हास्यास्पदही आहे आणि हृद्यही, आणि दोन्ही एकाच वेळी जाणवू देणं हीच या बघण्यातली खरी कसोटी.

संवाद कान देऊन ऐका

इथे कांती शाह यांच्या ‘गुंडा’चं (१९९८) नाव येणारच. आधी स्पष्ट सांगतो: हा सिनेमा मुलांसोबत किंवा घरातल्या मोठ्यांसोबत बघण्याचा नाही. भाषा अश्लील आहे, आणि बायकांवरच्या अत्याचाराचे प्रसंग आहेत, ज्यांवर हसू नये. मी ते प्रसंग पुढे पळवतो, तुम्हीही पळवा.

बाकीचा भाग मात्र विलक्षण आहे. इथले खलनायक आपली ओळख यमकात करून देतात, तीही थेट कॅमेऱ्याकडे बघून. दशावतारात पात्र रंगमंचावर येऊन ‘मी अमुक’ म्हणून स्वतःच सांगतं, तसाच हा प्रकार. बशीर बब्बर यांनी संवाद लिहिताना एकाही पात्राला साधं वाक्य बोलू दिलेलं नाही, आणि त्या हट्टाला शेवटपर्यंत तडा जात नाही. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत एका संगणकावरून दुसऱ्यावर जात हा सिनेमा पसरला, तो मुख्यतः या यमकांमुळे.

श्रेयनामावलीही वाचा. बुल्ला झालेले मुकेश ऋषी पुढच्याच वर्षी ‘सरफ़रोश’मध्ये इन्स्पेक्टर सलीम म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिले. पोते झालेले मोहन जोशी आपल्या नाटक-सिनेमांतून घरोघरी माहीत आहेत. हरीश पटेल २०२१ मध्ये मार्व्हलच्या ‘इटर्नल्स’मध्ये दिसले. म्हणजे नट कच्चे नव्हते. मिळालेलं काम त्यांनी पूर्ण ताकदीने केलं, आणि त्या ताकदीमुळेच सिनेमा इतका वेडा झाला. चेष्टा करायचीच तर पटकथेची करा, नटांच्या रंगरूपाची नको.

निर्मितीची गोष्ट वाचा आणि पुन्हा बघा

दुसऱ्यांदा बघण्यापूर्वी सिनेमा बनला कसा हे शोधून काढा. टॉमी वाइझो याचा ‘द रूम’ (२००३) हे यासाठी उत्तम उदाहरण. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नायक तोच. फिल्मचा कॅमेरा आणि डिजिटल कॅमेरा शेजारी शेजारी लावून त्याने सगळं एकाच वेळी दोन्हींवर टिपलं. गच्चीवरचे प्रसंग हिरव्या पडद्यासमोर घेतले. नायिकेची आई आपल्याला कॅन्सर झाल्याचं सांगते आणि पुढे सिनेमाभर कोणी त्याचा उल्लेखही करत नाही. घरातल्या फोटोफ्रेममध्ये चमच्याचं चित्र आहे, म्हणून ते दिसलं की थिएटरात प्रेक्षक पडद्याकडे प्लॅस्टिकचे चमचे फेकतात. घरी हे करायचं असेल तर चमचे नंतर गोळा कोण करणार ते आधी ठरवा.

एड वुडच्या ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’चं चित्रीकरण सुरू होण्याआधीच बेला लुगोसी हा प्रसिद्ध नट वारला, आणि वुडने त्याचे आधी टिपून ठेवलेले थोडे प्रसंग सिनेमात वापरले. उरलेल्या प्रसंगांत दिग्दर्शकाने दुसराच माणूस उभा केला. तो लुगोसीसारखा दिसत नव्हता, म्हणून झगा तोंडावर धरून वावरतो. हे कळल्यावर त्या झग्यावरून नजर हटत नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा: आधी ‘जानी दुश्मन’, मग ‘क्लर्क’, त्यानंतर ‘द रूम’, आणि मंडळ जमलं की ‘गुंडा’. एका रात्री एकच. पाऊण तास झाला तरी कोणी पडद्याकडे बघत नसेल तर तो सिनेमा तुमच्या मंडळींसाठी नाही. बंद करा आणि यादीतला पुढचा लावा.