वाळवंटातला ठिपका हरवू नका: भव्य जुने सिनेमे घरी बघताना या चुका टाळा

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सुट्टीत जुने भव्य सिनेमे बघायला चार घरची माणसं जमतात. गेल्या उन्हाळ्यात शेजारचे काका पेन ड्राइव्हवर ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ घेऊन आले. मृगजळ थरथरतंय, त्यातून एक काळा ठिपका मोठा होत होत उंटस्वार होतो, त्या प्रसंगाची मी वाट बघत होते. ठिपका दिसलाच नाही. आधी राखाडी चौकोनांची पट्टी, मग एकदम उंट.

“जुना सिनेमा, प्रिंट खराब असणार,” काका म्हणाले. पण १९६२चा हा सिनेमा ६५ मिमीच्या रुंद निगेटिव्हवर चित्रित झालाय आणि २०१२ साली त्याची अतिशय बारकाव्यांची फोर-के आवृत्ती निघाली. काकांकडची मूळ फाइलही उत्तम होती. अडलं पेन ड्राइव्हपाशी. तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. म्हणून पावणेचार तासांचा सिनेमा दाबून दाबून ४ जीबीत बसवला गेला. असं करू नका. आतला मजकूर दुसरीकडे ठेवून ड्राइव्ह एक्सफॅट या मोठ्या फाइली घेणाऱ्या पद्धतीने फॉरमॅट करा. फक्त तुमचा टीव्ही एक्सफॅट वाचतो ना, ते आधी एखादी छोटी फाइल टाकून बघा.

कॉम्प्रेशनला मात्र शत्रू समजू नका. साडेतीन तासांचा फुल एचडी सिनेमा न दाबता ठेवला, तर साधारण ९४० जीबी लागतील. ब्लू-रेवर तो ५० जीबीत मावतो, कारण कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबणारी आणि पुन्हा उलगडणारी पद्धत, प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. एक चित्र ठेवतो, पुढच्यांत काय हललं तेवढंच टिपतो. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारा डेटा, फारच कमी दिला की त्याला काहीतरी सोडावं लागतं, आणि पहिला बळी जातो तो पुसट, बारीक, थरथरत्या गोष्टींचा. आमचा ठिपका असाच गेला.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त खुपते: फिल्मचे कण, म्हणजे चित्रात दिसणारा बारीक खडबडीतपणा, ‘स्वच्छ’ करणं. हे कण प्रत्येक चित्रात वेगळे पडतात, त्यामुळे कोडेकला त्यांचा अंदाज बांधता येत नाही आणि फाइल फुगते. मग लोक डिनॉइज, म्हणजे कण पुसणारं फिल्टर, लावतात आणि चेहरे मेणाचे होतात. चांदीच्या क्षारांतून आलेले हे कण म्हणजे फिल्मचं अंगच. इथल्याच कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांतूनच उभा केला. स्वतःच्या डिस्कवरून फाइल करताना हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये डिनॉइज बंद ठेवा, ट्यूनमध्ये ‘ग्रेन’ निवडा आणि एक्स-२६४ या व्हिडिओ दाबणाऱ्या साधनाला गुणवत्तेचा आकडा १८ ते २० ठेवा. आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं. २०१८ साली आलेल्या एव्ही-१ कोडेकमध्ये यावर एक सोय आहे. कण काढून त्यांचं फक्त वर्णन साठवता येतं आणि बघताना ते पुन्हा पेरले जातात.

एचईव्हीसी हा कोडेक एक्स-२६४च्या तुलनेत निम्म्या जागेत तेवढंच चित्र देतो, हे बरंचसं खरं. पण ते मूळ प्रतीवरून केलं तर. आधीच दाबलेली फाइल पुन्हा दाबली, तर पहिल्या वेळचे दोष पक्के होतात आणि त्यांत नवे मिसळतात. टीव्हीला एमकेव्ही प्रकारची फाइल चालत नसेल, तर फक्त डबा (चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारं वेष्टण) बदलून एमपी-४ करा. आतल्या चित्राला हात लावायची गरज नाही. आकाशात रंगांचे पट्टे दिसत असतील, तर रंगांच्या जास्त छटा साठवणारं १०-बिट एचईव्हीसी वापरून बघा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये झूम आणि मोशन स्मूदिंग (मधली चित्रं भरून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) दोन्ही बंद करा. वरखालच्या काळ्या पट्ट्या म्हणजे बिघाड नव्हे. १९५९च्या ‘बेन-हर’ची चौकट २.७६:१ इतकी रुंद आहे. झूम करून पडदा भरलात, तर रुंदीतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग बाहेर जातो. रथांच्या शर्यतीत कडेचा रथच दिसणार नाही.

आणि सुरुवातीला पडदा काळा असून नुसतं संगीत वाजत असेल, तर फाइल बिघडलेली नाही. थिएटरात लोक जागेवर बसेपर्यंत वाजायचं ते हे पूर्वसंगीत. पुढे ढकलू नका, दिवे मालवून ऐका.