कराटे क्लास लावताय? स्टाइलचं नाव राहू द्या, आधी कुमिते बघा

मुलांना किंवा स्वतःला कराटे लावायचं ठरलं की सगळे पहिलं हेच विचारतात, शोतोकान चांगली की क्योकुशिन की गोजू-र्यू. माझं स्पष्ट मत आहे की नावावरून काहीच ठरत नाही, एकाच शोतोकानच्या दोन क्लासमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. खरं काय ते कुमितेत, म्हणजे जोडीने लढायच्या सरावात कळतं, समोर माणूस उभा राहिला की. म्हणून फी भरायच्या आधी सरांना विचारून एक अख्खा क्लास बसून बघा आणि ज्या दिवशी फाइट असते तोच दिवस धरा. बसू देत नसतील तर दुसरा क्लास शोधा.

आधी विचारा की फाइट कुठल्या नियमांनी होते. डब्ल्यूकेएफच्या (वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या) स्पर्धेत पंचला 1 पॉइंट, अंगावरच्या किकला 2, डोक्यावरच्या किकला किंवा पाडून मारलेल्या फटक्याला 3, आणि 8 पॉइंटची आघाडी झाली की मॅच संपली. ह्यात अंतर आणि टायमिंग जबरदस्त तयार होतं, पण पॉइंट बसला की रेफरी थांबवतो, मग त्यानंतर जवळ आल्यावर काय करायचं ते बऱ्याच पोरांना येतच नाही. मासुतात्सु ओयामांनी सुरू केलेल्या क्योकुशिनमध्ये उलटं, तिथे फुल कॉन्टॅक्ट, हातात ग्लोव्ह्ज नाहीत, मांडीवर लो किक बसतात आणि मार सहन करायची ताकद येते, पण हाताने तोंडावर मारायला बंदी, त्यामुळे छातीला छाती भिडवून हात खाली ठेवायची सवय लागते. दोन्हीकडे काहीतरी सुटतंच. म्हणून सरांना सरळ विचारा, आपल्या नियमांत काय राहून जातं आणि ते तुम्ही कधी करून घेता? चांगले सर लगेच सांगतात, अमक्या दिवशी ग्लोव्ह्ज आणि हेडगार्ड घालून तोंडावरचे पंच घेतो, तमक्या दिवशी पकडून पाडण्याचा सराव. आमच्यात सगळंच आहे असं म्हणणाऱ्यापासून जरा जपूनच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जोडीने इप्पोन कुमिते चालू असेल, म्हणजे एक जण ठरलेला एक पंच मारतो आणि दुसरा ब्लॉक करून उलट मारतो, तेव्हा ब्लॉक करणाऱ्याकडे नका बघू, मारणाऱ्याची मूठ बघा. समोरचा जागचा हललाच नाही तर ती मूठ त्याला लागली असती का? खूप ठिकाणी ती वीतभर आधीच थांबते, किंवा कानाच्या बाजूने जाते, आणि ब्लॉक मात्र एकदम जोरात आणि ऐटीत होतो. वर मारणारा हात तसाच लांब ठेवून पुतळ्यासारखा उभा, समोरचा त्याला तीन-चार फटके मारतोय. अशी वर्षानुवर्षं प्रॅक्टिस केली तर खोटा आत्मविश्वास येतो आणि तो फार धोक्याचा आहे. पंच खरा यायला हवा, सुरुवातीला सावकाश चालेल पण निशाण्यावरच यायला हवा. पुढे वरच्या बेल्टना कधी आणि कुठून मारणार ते न सांगता मारायला लावतात का तेही बघा.

मोकळी फाइट सुरू झाली की पंच मारल्यावर दुसरा हात हनुवटीपाशी राहतो की कमरेला जातो, मागे सरताना सरळ रेषेत मागे जातात की बाजूला निघतात, आणि जोड्या कशा लावल्यात, एवढं बघा. चाळीस किलोच्या पोराला सत्तर किलोच्या ब्राउन बेल्टसमोर उभं केलं आणि वजनदार गडी हात राखून खेळत नसेल तर सरांचं लक्षच नाही समजा.

कंट्रोलबद्दल, म्हणजे फटक्याचा जोर आवरण्याबद्दल, लोकांचं खूप वेळा चुकतं, त्यांना वाटतं कंट्रोल म्हणजे घाबरटपणा. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 ला, +75 किलोच्या फायनलमध्ये सौदीचा तारेग हमेदी 4-1 ने पुढे होता, त्याची किक इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यात बसली आणि तो बेशुद्ध पडला. किक न आवरता मारली म्हणून नियमाने हमेदी बाद झाला आणि गोल्ड गंजजादेहला गेलं. त्यावर वाद घाला हवा तर, पण मुलांच्या क्लासमध्ये मला हीच शिस्त हवी. कोणाच्या डोक्याला जोरात लागलं की सर स्वतः येऊन बघतात का, त्याला त्या दिवशी परत फाइटला उतरवत नाहीत ना, हे बघा. पाणी पाजून लगेच उभं करत असतील तर पोराला तिथे घालूच नका.

बेल्टबद्दल थोडक्यात. दर तीन महिन्यांनी एक्झाम, कोणी नापास नाही आणि दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची गॅरंटी, असं असेल तर तिथे बेल्ट विकतात.

क्लास पसंत पडला तरी आधी एकाच महिन्याची फी भरा, वर्षाचं पॅकेज नको. फाइट पहिल्या दिवसापासून नसेल तर उत्तमच, पण माउथगार्ड आणि मुलग्यांसाठी ग्रॉइन गार्ड फाइट सुरू व्हायच्या आधी घेऊन ठेवा, आणि मूल घरी आल्यावर कोणता बेल्ट मिळाला ते विचारण्याआधी आज कोणाशी खेळलास आणि कुठे लागलं ते विचारा.