जुनी ॲसिडिटी: गोळीशिवायचे उपाय, क्रमाने आणि मोजून

महिनोन्‌महिने छातीत जळजळ होतेय, करपट ढेकर येतात, झोपेत आंबट पाणी घशाशी येतं, म्हणून एकाच आठवड्यात ओवा, कोरफड, चूर्ण आणि कामदुधा (पित्तावरचं आयुर्वेदिक औषध) सगळं सुरू करू नका. मग गुण कशाने आला तेही कळत नाही आणि जुलाब कशाने लागले तेही. एका वेळी एकच उपाय, किमान दोन आठवडे. वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: रात्री किती वेळा जाग आली, जळजळ किती वाजता झाली आणि त्याआधी काय खाल्लं होतं.

काही लक्षणांत मात्र घरचे प्रयोग करायचेच नाहीत. घास अडकतो, वजन आपोआप घटतंय, शौच डांबरासारखं काळं होतं, उलटीत रक्त दिसतं किंवा रक्त कमी झालंय, तर थेट डॉक्टरांकडे जा. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नका. 108 ला फोन करा.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे झडपेसारखा स्नायू असतो. आम्ल बहुतेकदा नेहमीइतकंच तयार होतं. झडप सैल पडली किंवा पोटातला दाब वाढला की ते वर चढतं. म्हणून पहिले उपाय झोपण्या-बसण्याचे आहेत, आणि चुर्णापेक्षा त्यांचाच भरवसा जास्त.

पलंगाची उशाकडची बाजू उचला

उशाकडच्या दोन्ही पायांखाली 6 ते 8 इंच उंचीचे ठोकळे घाला. विटा चालतात, पण कच्ची वीट महिन्याभरात फुटते आणि लोखंडी पाय तिच्यावरून घसरतो. सुताराकडून लाकडी ठोकळे करून घ्या आणि वरच्या बाजूला पाय बसेल एवढी अर्ध्या इंचाची खाच पाडायला सांगा. दोन-तीन उशा रचणं हा यावरचा पर्याय नाही. त्याने नुसती मान वाकते, पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. जमिनीवर झोपणाऱ्यांनी वाकळी पायरीपायरीने रचून कमरेपासून डोक्यापर्यंत उतार करावा किंवा फोमची पाचर आणावी. झोपायचं डाव्या कुशीवर. त्या कुशीवर जठर झडपेच्या खालच्या पातळीला राहतं. झोपेत उताणे होत असाल तर पाठीमागे लोड लावा.

जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. साडेदहाला झोपणाऱ्याने साडेसातला ताटावर बसायचं. रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी द्यायचं असेल तर लवकर जेवा, तासभर जाऊ द्या आणि मगच दारं धरायला वाका. भरल्या पोटी वाकलं की आम्ल सरळ वर. परत आल्यावर पुन्हा भाकरी-रस्सा नको.

मिसरीचं कुणी डॉक्टरांना सांगत नाही आणि बहुधा कुणी विचारतही नाही. तंबाखूतलं निकोटिन झडप सैल करतं, आणि मिसरीची लाळ थोडीफार गिळली जातेच. जेवणानंतरची आणि झोपण्याआधीची मिसरी आधी बंद करा. लुगड्याची किंवा पायजम्याची नाडी करकचून बांधू नका. पोट सुटलं असेल तर वजन थोडं उतरलं तरी फरक जाणवतो.

खाण्यात सरसकट पथ्य धरलं की ते आठ दिवसांत मोडतं. कांदा-लसूण मसाल्याचा तर्रीदार रस्सा, कच्चा कांदा, तळण, सांगलीची झणझणीत भडंग, रिकाम्या पोटीचा चहा यांतलं एकेक दोन आठवडे बंद करून वही बघा. तुम्हाला जे बाधत नाही ते सोडायचं कारण नाही. पुदिन्याच्या गोळ्या मात्र टाळा. घशाला गार वाटतं, पण पुदिना झडप ढिली करतो.

श्वास

ताठ बसा, एक हात छातीवर, एक बेंबीवर. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या. पोटावरचा हात पुढे यायला हवा, छातीवरचा जवळपास स्थिर. सहा अंक मोजत सोडा. असं जेवणानंतर दहा मिनिटं, चार आठवडे. ज्या पडद्याने आपण श्वास घेतो तोच झडपेला बाहेरून आवळतो, म्हणून हा व्यायाम उपयोगी पडतो. गुडघे धड असतील तर वज्रासनात बसा. जेवल्यावर कपालभाती, हलासन, सर्वांगासन नको. मिठाचं पाणी पिऊन उलटी काढण्याची वमनक्रिया तर या दुखण्यात करूच नये: आधीच सोललेल्या अन्ननलिकेवर पुन्हा आम्ल येतं.

चूर्ण आणि भस्मं

ज्येष्ठमध: पाव चमचा, म्हणजे साधारण एक ग्रॅम, कोमट पाण्यातून दिवसातून दोनदा, आणि चार आठवड्यांच्या वर नाही. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. बीपी, किडनीचा विकार, लघवीची गोळी किंवा गरोदरपण असेल तर घेऊच नका.

अविपत्तिकर चुर्णात सुमारे निम्मी साखर आणि तिसरा हिस्सा निशोत्तर असतो. निशोत्तर रेचक आहे. बद्धकोष्ठ असणाऱ्याला यामुळे हलकं वाटतं, ज्याचं पोट आधीच सैल त्याला जुलाब होतात. मधुमेह्यांनी साखरेकडे बघावं.

कामदुधा आणि शंखभस्म यांत मुख्यतः कॅल्शियम असतं, त्यामुळे आम्ल मरतं आणि तात्पुरता आराम पडतो. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा, नाहीतर ती गोळी अंगी लागत नाही. सूतशेखर वेगळा: त्यात पारा, ताम्रभस्म आणि बचनाग, धोतरा या विषारी वनस्पती आहेत. दुकानातून मागून स्वतःच्या मनाने घेण्याची ही वस्तू नव्हे.

सांगलीच्या बाजारपेठेमुळे हळदीचा आग्रह आपल्या भागात जरा जास्तच. 2023 साली थायलंडमधल्या एका चाचणीत हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलने अपचनाच्या तक्रारी ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळीइतक्याच कमी झाल्या. पण ते अपचन होतं, घशाशी येणं नव्हे, आणि मात्रा दिवसाला 2 ग्रॅम कर्क्युमिनची. साध्या हळदीत ते शेकडा तीनच्या आसपास असतं, म्हणजे दुधातली अर्धा चमचा हळद त्याच्या जवळपासही जात नाही. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

खाण्याचा सोडा पटकन आराम देतो, पण अर्ध्या चमच्यात 600 मिलिग्रॅमच्या वर सोडियम जातं. बीपी, हृदय किंवा किडनीच्या रुग्णाने टाळावा. गार दूध तासाभराने आम्ल पुन्हा वाढवतं. व्हिनेगर पिण्याला चांगला पुरावा नाही, दात मात्र झिजतात.

चालू असलेली गोळी

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल अशी आम्ल कमी करणारी गोळी न्याहारीआधी अर्धा तास घ्यायची. चहा-पोह्यांनंतर घेतली तर तिचा गुण कमी येतो. दोन-तीन महिने घेतलेली गोळी एकदम थांबवली की आम्ल उसळतं, आणि लोकांना वाटतं नवं चूर्ण लागू पडत नाही. डॉक्टरांना विचारून मात्रा निम्मी करा, मग दिवसाआड, आणि मधल्या दिवसांत त्रास झाला तर फॅमोटिडिन (आम्ल कमी करणारी वेगळी गोळी) किंवा आम्ल वर येऊ न देणारं अल्जिनेटचं पातळ औषध चालेल का तेही विचारा. हे उतरणं दोन ते चार आठवड्यांचं. वरचे उपाय नीट करूनही दोन महिन्यांत रात्रीची जाग कमी झाली नसेल, तर वही घेऊन सातारा, कराड किंवा मिरजेत पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. दुर्बिणीच्या तपासणीआधी गोळी किती दिवस बंद ठेवायची, हे वेळ ठरवतानाच विचारून घ्या.