झाळताना फ्लक्स कुठला वापरावा

मॉडेल इंजिन बनवताना पितळी पत्र्यावर सोल्डरचा (जोड झाळायला वितळवतात त्या मिश्रधातूचा) गोळा होऊन घरंगळायला लागला की हात आपोआप सोल्डरिंग आयर्नचं तापमान वाढवायला जातो. थांबा. धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा असेल तर सोल्डर कितीही तापवलं तरी धरत नाही. तो पापुद्रा काढायचा आणि तापलेल्या धातूवर पुन्हा धरू द्यायचा नाही, हे फ्लक्सचं काम.

पितळ आणि निकेल सिल्व्हरला (तांबं, निकेल आणि जस्ताचा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) मी फॉस्फोरिक ॲसिडचा पातळ फ्लक्स वापरतो, साधारण ९ ते १२ टक्क्यांचा. मोटरच्या तारांना मात्र फक्त राळेचा. ॲसिड तारेच्या आवरणात शिरलं की धुऊन निघत नाही, तार आतून खाल्ली जाते. स्टीलला झिंक क्लोराइडचा. ॲल्युमिनियमच्या वाटेला यातलं काहीच घेऊन जाऊ नका.

जोडाची कड ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने लखलखीत घासा, मग तिला बोट लावू नका. बारीक ब्रशने फ्लक्सचा एकच थेंब फटीवर सोडा. आयर्नच्या टोकावर टाचणीच्या डोक्याएवढं सोल्डर घेऊन जोडाला टेकवा. तडतड होते, वाफ निघते आणि पुढच्याच क्षणी सोल्डर चकाकत फटीतून रेघेसारखं पळतं. हे बघायला मला अजूनही आवडतं! चकाकी जराशी मंद होईपर्यंत चिमटा हलवू नका. सोल्डरच्या तारेत राळ असली तरी वेगळा फ्लक्स लागतोच, कारण टोकावरून नेईपर्यंत ती राळ जळून गेलेली असते.

व्हाइट मेटलचा (कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा) ओतीव भाग पितळेवर बसवायचा असेल तर ७० अंशांना वितळणारं सोल्डर घ्या. ते पितळेला नीट धरत नाही, म्हणून पितळेवर आधी ६०/४० (६० टक्के कथिल, ४० टक्के शिसं) सोल्डरचा पातळ थर चढवा. मग आयर्न बरंच खाली आणा, नाहीतर तो भागच वितळेल.

आणि धुणं! माझ्या एका इंजिनाच्या बॉयलरवरचा रंग काही महिन्यांनी फुगला. खरवडला तर खाली जोडाच्या रेषेत हिरवट भुकटी. काम संपलं त्या रात्री मी ते तसंच ठेवून झोपलो होतो. आता कितीही उशीर झाला तरी कोमट पाणी, खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश घेऊन बसतो, कोपरेन्‌कोपरे घासतो, स्वच्छ पाण्याने धुतो आणि पूर्ण वाळवतो.

झाळताना खिडकी उघडी ठेवा आणि चष्मा लावा, फ्लक्स उडतो. त्याच्या वाफेने जवळची स्टीलची हत्यारंही गंजतात. माझ्या कानशी त्यामुळे दुसऱ्या खोलीत असतात.