मेळघाटात जोडीनं बाइकवर निघताय? आधी मागच्या चाकाची हवा बघा

परतवाडा सोडलं की चिखलदऱ्याचा घाट, किंवा सेमाडोह-हरिसालवरून धारणी. दोन्ही वाटा नवरा-बायकोनं एका गाडीवर कराव्यात अशाच आहेत, पण मागे माणूस आणि बॅगा असल्या की एकट्याची हवा पुरत नाही. दोघांसाठीचा आकडा साधारणपणे चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. हवा सकाळीच, टायर थंड असताना भरा. विदर्भातल्या उन्हात चाललेल्या टायरचं माप जास्त दाखवतं, आणि ते पाहून हवा कमी केली तर ती चूकच. मागं बसणारीला बसवून चेनचा ताणही एकदा पाहून घ्या.

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. खरी कसोटी उतरताना लागते. वजन जास्त, त्यामुळे सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि धरेनासा होतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनलाच वेग आवरू द्या. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा मोह तर अजिबात नको.

टाकी परतवाड्यातच पूर्ण भरा. जड बॅग कॅरिअरच्या टोकाला न बांधता दोघांच्या जितकी जवळ ठेवता येईल तितकी ठेवा. मागच्या व्यक्तीलाही चांगलं, पूर्ण हेल्मेट हवंच, यात तडजोड नाही. अंधारापूर्वी मुक्काम गाठा. संध्याकाळी रस्त्यावर गुरं असतात, जंगलात रानडुकरं आणि अस्वलंही.